सासू, सून आणि खोटी पत्रं : हंगेरीच्या सिनेमाची ओळख



या कार्यक्रमात आपण नेहमी कर्जाचे हप्ते, शेळ्यांचं लसीकरण, मसाल्याचं पॅकिंग अशा विषयांवर बोलतो. आज मी सिनेमावर बोलणार आहे, आणि तोही हंगेरी नावाच्या लांबच्या देशातल्या सिनेमावर. हा विषय घेतलाय असं सांगितलं, तेव्हा आमच्या गटातल्या एकीने लगेच विचारलं, "ताई, त्यात आपलं काय?" प्रश्न बरोबर आहे. उत्तर देण्याआधी एका सिनेमाची गोष्ट सांगते.

साल १९५३. बुडापेस्ट शहर. एक म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली आहे. आपला मुलगा अमेरिकेत आहे, तिथे मोठा सिनेमा काढतोय, असं तिला वाटतं. सून तिला भेटायला येते, फुलं आणते, मुलाची पत्रं आणून देते. त्या पत्रांत मुलाच्या मोठेपणाच्या गोष्टी असतात. म्हातारी खूश होते.

खरी गोष्ट वेगळीच आहे. मुलगा अमेरिकेत नाही, तुरुंगात आहे. त्याने चोरी केलेली नाही, मारामारी केलेली नाही. सरकारला नको असलेला माणूस म्हणून त्याला उचललंय. आणि पत्रं लिहिते ती सून. नवरा राजकीय कैदी, म्हणून तिची शिक्षिकेची नोकरी गेली आहे. तो कधी सुटेल, सुटेल की नाही, तिला माहीत नाही. तरी ती सासूसमोर हसत बसते आणि अमेरिकेच्या गप्पा मारते. शेवटी मुलगा सुटून घरी येतो, पण तोवर आई गेलेली असते.

या सिनेमाचं नाव 'सेरेलेम', म्हणजे 'प्रेम'. १९७१ साली कारोय मॉक यांनी तो केला. सासू झाल्या आहेत लिली दार्वाश आणि सून झाल्या आहेत मारी तोरोचिक. गोष्ट तिबोर देरी या लेखकाची. सरकारविरुद्ध उभे राहिले म्हणून १९५७ साली देरी स्वतः तुरुंगात गेले होते आणि १९६० साली सुटले. म्हणजे घरात वाट बघणारी माणसं कशी जगतात, हे त्यांना ऐकीव नव्हतं.

आम्ही आठ-दहा जणींनी हा सिनेमा एकत्र पाहिला. संपल्यावर वाद झाला. एक म्हणाली, "खोटं ते खोटंच. आईला सांगायला हवं होतं." दुसरी म्हणाली, "सांगून काय मिळणार होतं? म्हातारी चार दिवस आधी गेली असती." मग आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू बोलल्या. "एवढी पत्रं येतात आणि पोरगं एकदा दारात येत नाही, हे आईला कळत नाही होय? तिला सगळं ठाऊक होतं. सुनेला धीर राहावा म्हणून ती गप्प होती."

सगळ्या जणी शांत बसल्या. कारण सिनेमा हे कुठेच बोलून दाखवत नाही. म्हातारीला माहीत होतं की नव्हतं, हे शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. पण काकूंनी जे पाहिलं ते त्या चेहऱ्यावर आहे. आम्ही तो भाग परत लावून पाहिला. सून बोलत असते आणि सासू तिच्याकडे अशी बघते, की कोण कुणाला सांभाळतंय तेच कळेनासं होतं.

मला आज हेच सांगायचंय. हंगेरीचे हे सिनेमे अवघड म्हणून प्रसिद्ध आहेत. ते हळू चालतात, त्यात बोलणं कमी असतं, मारामारी नाही, आपल्यासारखी नाचगाणी नाहीत. पण जे बोललं जात नाही ते ओळखायचं, हे काम आपण बायका लहानपणापासून करत आलोय. सासरी पहिल्या दिवशी कुणाचा चेहरा कसा आहे, हे आपल्याला कुणी शिकवलं होतं? म्हणून हे सिनेमे आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळतात, असं माझं मत झालंय.

आता तिथे हे न बोलणं आलं कुठून, ते थोडक्यात सांगते. हंगेरी हा युरोपच्या मधोमध असलेला देश. त्याला समुद्र नाही. लोकसंख्या एक कोटीसुद्धा नाही. भाषा अशी, की शेजारच्या कुठल्याच देशाशी जुळत नाही. त्या भाषेत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द आहे. नाव सांगताना आडनाव आधी येतं. आणि वयाने मोठ्या बाईला नावापुढे 'नेनी' लावतात, आपण 'मावशी' लावतो तसं.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा देश रशियाच्या दाबाखाली गेला. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये लोक रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरमध्ये रशियाचे रणगाडे आले आणि उठाव चिरडला गेला. ती राजवट १९८९ पर्यंत टिकली. सिनेमा काढायला पैसा सरकारच द्यायचं. त्यामुळे धंद्याची काळजी नसायची, पण काय दाखवायचं यावर सरकारचा डोळा असायचा. तिथे तीन 'ट'चं धोरण होतं असं म्हणतात. त्यांच्या भाषेतले तिन्ही शब्द ट या अक्षराने सुरू होतात. त्यांचा अर्थ असा : काही कलाकृतींना मदत करायची, काही चालवून घ्यायच्या आणि काहींवर बंदी घालायची. 'प्रेम'ची परवानगी मिळायलाही मॉक यांना काही वर्षं थांबावं लागलं.

अशा वेळी शहाणा माणूस काय करतो? थेट बोलत नाही. तोंडातून जे निघू शकत नाही ते नजरेतून, हातांतून, गाण्यातून निघतं. घरात धाक असला की आपणही तेच करतो.

आता एका बाईंची ओळख करून देते. मार्ता मेसारोश. त्यांचा जन्म १९३१ साली बुडापेस्टमध्ये झाला. वडील शिल्पकार होते. मुलगी लहान असताना कुटुंब रशियाच्या ताब्यातल्या किर्गिझस्तानात गेलं. तिथे १९३८ साली स्टालिनच्या लोकांनी वडिलांना अटक केली आणि ते परत आले नाहीत. पुढे आईही गेली. पोरकी मार्ता १९४६ साली मायदेशी आली, मॉस्कोला जाऊन सिनेमा शिकली, आधी माहितीपट केले आणि १९६८ साली पहिला मोठा सिनेमा केला.

१९७५ साली त्यांनी 'ओरोक्बेफोगादाश' हा सिनेमा केला. उच्चारायला कठीण नाव आहे, अर्थ सोपा आहे : 'दत्तक'. काता ही त्रेचाळीस वर्षांची विधवा, लाकूडकामाच्या कारखान्यात काम करते. तिचं एका पुरुषाशी नातं आहे, पण तो लग्नाचा आहे. कातेला मूल हवंय. डॉक्टरकडे जाऊन ती तब्येत तपासून घेते. त्या पुरुषाला विचारते, तर तो नको म्हणतो. वर एकदा तो तिला आपल्या घरी नेतो आणि कामावरची ओळखीची बाई म्हणून बायकोसमोर बसवतो. त्या प्रसंगात कुणी आवाज चढवत नाही. पण त्या स्वयंपाकघरात एका बाईचं घराबाहेर काम करणं आणि दुसरीचं घरात अडकून पडणं, दोन्ही आपल्याला दिसतं.

मग कातेच्या आयुष्यात ॲना येते. ती जवळच्या सरकारी वसतिगृहातली मुलगी आहे, आईवडिलांनी टाकलेली. तिला आपल्या मित्राशी लग्न करायचंय, पण ती वयाने लहान असल्यामुळे आईवडिलांची संमती लागते. काता तिच्यासाठी खटपट करते. दोघींची मैत्री होते. ती आई-मुलीसारखीही आहे आणि मैत्रिणींसारखीही. ॲनाचं लग्न होतं आणि त्याच दिवशी नवरा-बायकोचं वाजायलाही लागतं. काता मात्र आपला निर्णय घेते. संस्थेतून एक तान्हं बाळ दत्तक घेते आणि त्याला छातीशी धरून बस पकडायला निघते.

कातेला कुणी भाषण दिलेलं नाही. तिच्या हातात स्वतःची मजुरी आहे आणि स्वतःचं घर आहे, म्हणून तिला निर्णय घेता येतो. आपण बैठकीत स्वतःच्या नावावर पैसा असावा म्हणतो, तो का, याचं इतकं साधं उत्तर मी दुसरीकडे पाहिलं नाही. हे सगळं फक्त परदेशातच होतं असंही नाही. आपल्या कायद्यानेही एकटी बाई मूल दत्तक घेऊ शकते, हे पुष्कळ जणींना माहीत नसतं.

या सिनेमाला बर्लिनच्या महोत्सवात सोन्याचं अस्वल, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. बाई दिग्दर्शकाला तो मिळण्याची ती पहिलीच वेळ. पुढे २०१७ साली हंगेरीच्याच इल्दिको एन्येदी यांना तोच पुरस्कार मिळाला. मेसारोश यांनी आपल्या पोरकेपणाची गोष्टही १९८४ साली 'माझ्या मुलांसाठी डायरी' या सिनेमात सांगितली. त्यातली युली नावाची मुलगी शाळा चुकवून सिनेमाला पळते. सांभाळणारी बाई पक्षातली मोठी अधिकारी आहे, शिस्तीची आहे. आणि मुलीला आपला बाप हवा आहे, ज्याच्याबद्दल घरात खरं बोलायची सोय नाही.

आता संगीताकडे येऊ. हंगेरीत गाण्याची गोष्ट सिनेमाच्या आधीपासून सुरू होते. १९०४ सालच्या उन्हाळ्यात बेला बार्टोक हे तरुण संगीतकार एका गावी राहिले होते. तिथे लिदी दोशा नावाची एक मुलगी कुणाचं तरी मूल सांभाळायच्या कामाला होती. काम करता करता ती गात होती. बार्टोक यांनी ते ऐकलं आणि चाल उतरवून घेतली. शहरात हंगेरीचं संगीत म्हणून जे वाजतं त्याहून हे जुनं आहे, खरं आहे, हे त्यांच्या लक्षात आलं. पुढे ते आणि त्यांचे मित्र झोल्टान कोडाय फोनोग्राफ नावाचं यंत्र घेऊन खेड्याखेड्यांत फिरले. मेणाच्या नळकांड्यांवर त्यांनी शेतमजुरांचे, घरातल्या बायकांचे आवाज टिपले. अशी हजारो गाणी जमली. एका देशाच्या संगीताला वळण लागलं त्यात मूल सांभाळणाऱ्या एका मुलीचा वाटा आहे. जात्यावरच्या ओव्या आपल्या आज्यांच्या तोंडून ज्यांनी ऐकल्या आहेत, त्यांना याचं फार नवल वाटणार नाही.

ही लोकगीतं सिनेमात कशी येतात, ते मिक्लोश यांचो यांच्या सिनेमात पाहावं. हे यांचो काही वर्षं मेसारोश यांचे पतीही होते. १९७२ साली त्यांनी एक सिनेमा केला, त्याच्या नावाचा अर्थ 'लोक अजून मागताहेत'. काळ १८९० च्या आसपासचा. मोठ्या मैदानात शेतमजूर जमलेत, त्यांना हक्काचा वाटा हवा आहे. समोर घोड्यांवर सैनिक आहेत. मजूर भाषणं थोडी करतात आणि गातात, फेर धरतात. एका क्षणी सैनिकही त्यांच्या नाचात मिसळतात. वाटतं, आता समेट झाला. मग सैनिक हळूच बाजूला होतात, भोवती कडं करतात आणि गोळीबार सुरू होतो. जवळजवळ दीड तासाच्या या सिनेमात तीसहून कमी शॉट आहेत. एरवीच्या सिनेमात ते शेकड्यांनी असतात. कॅमेरा न थांबता माणसांबरोबर फिरत राहतो, जणू तोही फेरात आहे. यांचोंना त्या वर्षी कान महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शकाचा पुरस्कार मिळाला.

याच्या पुढचं नाव बेला टार. यांचे सिनेमे ऐकूनच लोक घाबरतात. त्यांचा १९९४ सालचा 'सैतानाचा टँगो' सात तासांहून मोठा आहे. सुरुवातीला गोठ्यातून गायी बाहेर पडतात आणि चिखलातून चालत राहतात, सात-आठ मिनिटं तेच. आमच्यातली एक म्हणाली, "रोज सकाळी हेच बघते मी, त्याला तिकीट कशाला?" आम्ही खूप हसलो. ही गोष्ट लास्लो क्रास्नाहोर्काई यांच्या कादंबरीवरची आहे. २०२५ चं साहित्याचं नोबेल त्यांनाच मिळालं.

पण टार यांचा २०११ सालचा 'तुरिनचा घोडा' सुरू झाला, तेव्हा कुणी हसलं नाही. माळावर एक घर. म्हातारा बाप आणि तरुण मुलगी. बापाचा एक हात निकामी. बाहेर सतत सोसाट्याचा वारा. मुलगी उठते, चूल पेटवते, अंगावर एकावर एक कपडे चढवते, दोन बादल्या घेऊन विहिरीवर जाते, पाणी आणते. बापाला कपडे घालते. दोन बटाटे उकडते. दोघं गरम बटाटे हातांनी सोलून खातात. मग ती खिडकीशी बसते. दुसऱ्या दिवशी परत तेच. सहा दिवसांची ही गोष्ट. चौथ्या दिवशी विहीर आटते.

ज्या बाईने उन्हाळ्यात पाण्यासाठी दोन-दोन खेपा केल्यात, तिला तो आटलेल्या विहिरीचा प्रसंग समजावून द्यावा लागत नाही. घरातलं हे काम कुणाच्या हिशेबात धरलं जात नाही. इथे कॅमेरा ते अर्ध्यावर तोडत नाही. पाणी आणायला जितका वेळ लागतो तितका वेळ आपल्यालाही तिच्यामागून चालावं लागतं. टार यांच्याबरोबर या सिनेमाच्या दिग्दर्शनात आग्नेश ह्रानित्स्की यांचंही नाव आहे. अनेक वर्षं त्यांचे सिनेमे त्याच संकलित करत होत्या. लोक नाव घेतात ते एकट्या टारचं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आणि त्यातलं संगीत मिहाय वीग यांचं. एकच सूर, गोल गोल फिरणारा, पुन्हा पुन्हा येणारा. मला तो आधी कंटाळवाणा वाटला, नंतर तो त्या मुलीच्या दिवसासारखाच आहे हे जाणवलं. वीग यांचं संगीत शूटिंगच्या आधीच तयार असायचं आणि शूटिंगच्या वेळी ते वाजवलं जायचं, म्हणजे नटांची चाल आणि कॅमेऱ्याची चाल त्या सुरावर बसायची. आपण लावणीच्या वेळी गाणं म्हणतो आणि हात त्या ठेक्यावर चालतात, तसंच काहीसं. त्यांचं सगळ्यात सुंदर संगीत २००० सालच्या 'वेर्कमाइस्टर हार्मनीज' मध्ये आहे. त्याच्या सुरुवातीला रात्री दारूचा गुत्ता बंद व्हायच्या वेळी एक साधा पोरगा पिऊन झिंगलेल्या माणसांना उभं करतो. एकाला सूर्य करतो, एकाला पृथ्वी, एकाला चंद्र, आणि ग्रहण कसं लागतं ते दाखवतो. त्या झिंगलेल्या माणसांच्या फिरण्यावर पियानो सुरू होतो. दारुड्यांना इतक्या मायेने दाखवलेलं मी पाहिलं नव्हतं.

आता शेवटी, पाहायचं कसं? भाषा हंगेरियन आणि खाली ओळी इंग्रजीत, ही अडचण आहेच. आम्ही असं केलं : कॉलेजला जाणाऱ्या मुलीला सोबत बसवलं, तिने आधी पूर्ण गोष्ट सांगून टाकली आणि मध्ये मध्ये थांबवून ओळी मराठीत सांगितल्या. गोष्ट आधी कळली म्हणून मजा जात नाही. रामायणाची गोष्ट कुणाला ठाऊक नसते, तरी आपण कीर्तनाला बसतोच. सुरुवात 'प्रेम'पासून करा, दीड तासाच्या आत संपतो. मग 'दत्तक'. टारचा सिनेमा एका दमात पाहिलाच पाहिजे असं नाही. यांचोंच्या सिनेमात काही ठिकाणी उघडी माणसं आहेत, तेव्हा मुलांसमोर लावण्याआधी स्वतः पाहून घ्या. हंगेरीच्या राष्ट्रीय चित्रपट संस्थेने त्यांचे जुने सिनेमे दुरुस्त करून स्वच्छ केलेत, त्यामुळे चित्र छान दिसतं. आणि हे सगळं फार दूरचं आहे असं समजू नका. इश्तवान साबो या तिथल्या ज्येष्ठ दिग्दर्शकांना २०२१ साली आपल्या शेजारी गोव्यातल्या महोत्सवात सत्यजित राय यांच्या नावाचा जीवनगौरव जाहीर झाला होता.

"त्यात आपलं काय?" असं विचारणारी ती मैत्रीण 'प्रेम' पाहताना हजर होती. तिचा नवरा दोन वर्षं दुसऱ्या राज्यात कामाला आहे आणि गेल्या सहा महिन्यांत त्याने पैसे पाठवलेले नाहीत. सासूला ती सांगते, आले पैसे. हप्ता ती शिवणकामातून भरते. हे तिने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सांगितलं, आणि रेडिओवर सांगायलाही हो म्हणाली, नाव न घेता. पुढच्या बैठकीत तिच्या हप्त्याची मुदत वाढवायचा विषय आम्ही घेतलाय. सासूला खरं सांगायचं की नाही, ते तिचं ती ठरवेल.

तुमच्या गटात एखादा सिनेमा पाहिलात तर आम्हाला जरूर कळवा. म्हातारीला माहीत होतं की नव्हतं, यावर तुमचं मत काय पडलं, तेही सांगा. आमच्याकडे अजून एकमत झालेलं नाही. आज इथेच थांबते. नमस्कार.